सातव्या क्रमांकाचा दीपगृहवाला

काटासाहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ते लांबून येताना दिसले की बाजारातले जुने दुकानदार अजून तराजूपासून हात मागे घेतात. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते ते. हातात पितळी वजनांची पेटी, खिशात शिक्का आणि नाकावर माशी बसू न देणारा चेहरा. "साहेब, चार ग्रॅमचाच तर फरक आहे, सोडून द्या," असं एकदा एक किराणा दुकानदार गयावया करून म्हणाला होता. "चार ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम," एवढंच बोलून साहेबांनी त्याच्या काट्याला सील ठोकलं. त्या दिवसापासून लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि काटासाहेब हेच नाव चिकटलं. बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारायची.

असा माणूस निवृत्तीनंतर करणार काय? पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले चमचे मोजले, दुधाचं माप तपासलं आणि बायकोला वीट आणला. शेवटी टेलरमास्तरांनी त्यांना वाचवलं. खरं म्हणजे त्यांच्या बायकोला वाचवलं.

मास्तरांच्या दुकानात दर रविवारी सकाळी चार क्रिकेटवेडे जमायचे: स्वतः मास्तर, वाचनालयातल्या बाई, एक बसड्रायव्हर आणि शाळेतले खेळाचे सर. दुकान त्या दिवशी बंद. शटर अर्धं वर, मशिनींवर कापडं टाकलेली, आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा अर्धवट शिवलेला कोट घालून उभा. ही मंडळी तिथे बसून काल्पनिक संघ काढायची. नामांकित खेळाडूंचे संघ कोणीही काढतं, त्याला काय अक्कल लागते? यांचा नियम असा की माणूस आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला हवा, पण पाचांपेक्षा जास्त नाही. जगाने एकदा पाहिला आणि विसरून गेलं, असाच हवा. ज्या देशांत फुटबॉलच्या मैदानावर मॅट अंथरून क्रिकेट खेळतात तिथले हे लोक. पोटासाठी दुसरंच काही करणारे. त्यांची नावं घेताना जिभेला गाठ पडायची म्हणून मंडळी त्यांना धंद्यावरून ओळखायची. एका देशाचा पोस्टमन सलामीला यायचा, दुसऱ्याचा बेकरीवाला फिरकी टाकायचा. वर्षातून एकदा प्रत्येकाने अकरा जणांचा संघ कागदावर मांडायचा. सामना कधीच व्हायचा नाही. परीक्षकाने प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे आणि ज्याचा संघ पहिला येईल त्याला मास्तरांनी शिवलेली टोपी मिळायची. भांडणं मात्र खरा सामना हरल्यासारखी व्हायची. म्हणून परीक्षक बाहेरचा आणि कोणाला न भिणारा पाहिजे होता. काटासाहेब आले आणि भांडणं संपली.

त्यांची परीक्षणाची पद्धत ठरलेली होती. आधी प्रत्येक नाव क्रिकेटच्या जुन्या वार्षिकांतून शोधायचं, आकडे पडताळायचे, बरोबर असतील तर पेन्सिलने बारीक खूण करायची. मग दुसरी पायरी, ती ते कोणाला फारशी सांगत नसत. डोळे मिटून त्या खेळाडूला तंबूतून मैदानात चालत आणायचं. या लोकांचे ना फोटो मिळत, ना कुठे चित्रफीत. पण धावा, चेंडू, कसा बाद झाला, एवढं मिळालं की साहेबांना हळूहळू माणूस दिसू लागायचा. बॅट काखेत धरतो की हातात लोंबकळत ठेवतो, घाईत येतो की रेंगाळत. तो खेळपट्टीपर्यंत चालत आला की साहेब डोळे उघडून गुण लिहायचे. "माणूस चालून आल्याशिवाय गुण नाही," असं ते म्हणत. बायको म्हणे, "भूतं चालवताय झालं!" आणि दोघं हसत.

या वर्षी मात्र ती हसेनाशी झाली होती. साहेबांचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. एकदा ते दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बँकेत जाऊन आले. शेजारीणबाईंना त्यांनी सरळ आपल्या वारलेल्या आत्याच्या नावाने हाक मारली. एरवी अशा गोष्टींवर घरात आठवडाभर थट्टा चालली असती. पण साहेबांचे वडील शेवटची सहा वर्षं समोरच्या रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारत होते आणि ती सहा वर्षं त्यांना भरवलं होतं या सुनेनेच. सुरुवात कशी होते ते तिला ठाऊक होतं. वेताची ती खुर्ची अजून हॉलमध्ये खिडकीपाशी होती. तिच्यात कोणी बसत नसे, आणि ती टाकूनही देववत नव्हती.

साहेबांनाही भीती वाटत होतीच. बापाच्या वाटेने आपण जातोय की काय, हा विचार दाढी करताना आरशात दिसायचा. म्हणूनच या वर्षीचं परीक्षण त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. चार संघ, चव्वेचाळीस माणसं, एकही चूक नाही, असं झालं की डोकं शाबूत आहे हे स्वतःलाच सिद्ध होणार होतं.

गुरुवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसले. बाहेर पांढरं सपाट ऊन होतं. तीन संघ दुपारपर्यंत उरकले. मग त्यांनी मास्तरांचा कागद पुढे ओढला आणि सातव्या क्रमांकावर आले. मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "दीपगृहवाला. डावखुरा. एक सामना, एक डाव, ४१ नाबाद. खेळण्याआधी दोनदा खोकतो." देशाचं नाव शेजारी होतं, कुठलंसं बेट.

"अरे, हा!" साहेब मोठ्याने म्हणाले. रस्त्यात जुना ओळखीचा भेटावा तसा त्यांना आनंद झाला. इतक्या वर्षांत याला कोणीच कसं घेतलं नव्हतं? त्यांनी डोळे मिटले. बाकीच्यांना तंबूतून बाहेर काढायला वेळ लागायचा, कोणी अर्ध्या वाटेत पुसट व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून आणावं लागायचं. हा मात्र आधीच खेळपट्टीवर उभा होता. पॅड बांधलेले, बॅट जमिनीला टेकलेली. पॅडांच्या वर निळ्या रेघांचा पायजमा होता. पाय अनवाणी होते.

आणि तो साहेबांकडे बघत होता. आजवर एकानेही तसं केलं नव्हतं. ते सगळे आपापल्या सामन्यात असत, गोलंदाजाकडे बघत. याची नजर सरळ टेबलापर्यंत येत होती, काहीतरी करायचं राहिलंय आणि तो त्याची वाट बघतोय, अशी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून दोनदा खोकल्याचा आवाज आला.

"अगं, खोकला झालाय का तुला?" साहेबांनी डोळे उघडून विचारलं.

बायको त्यांच्या मागेच उभी होती, ओट्यापाशी. "मला? नाही हो," ती म्हणाली. "आतमध्ये कोणी नाहीये." तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"शेजारचं असेल," साहेब म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले. आता त्यांचं लक्ष आकड्यावर गेलं. एक्केचाळीस? छे! सदतीस होते. सदतीस नाबाद. मास्तरांनी चार धावा वाढवून लिहिल्या होत्या. त्यांना इतकी खात्री होती की वार्षिक काढायला ते उठलेसुद्धा नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काट्यावर न ठेवताच शिक्का मारला. साडेआठ लिहिलेलं खोडलं, अर्धा गुण कापला आणि आठ केले. शेजारी शेरा मारला: "आकड्यांत निष्काळजीपणा."

रविवारी निकालाला जाताना बायकोही निघाली. नऊ वर्षांत ती एकदाही त्या दुकानात आली नव्हती. "चहा घेऊन येते सगळ्यांना," म्हणाली आणि थर्मास भरला. साहेबांना बरं वाटलं. आपली हुशारी घरच्या माणसाने पाहावी, असं कोणाला वाटत नाही?

शटरखालून वाकून दोघं आत गेले. साहेबांनी उभं राहून एकेक संघ वाचला. ड्रायव्हरच्या बेकरीवाल्याला सहाच गुण पडले म्हणून थोडी बाचाबाची झाली. बाईंचा अग्निशामक दलाचा जवान नऊ गुण घेऊन गेला. मग मास्तरांचा संघ आला आणि साहेब सातव्या क्रमांकावर आले तसा त्यांचा आवाज खुलला.

"दीपगृहवाला. काय माणूस आहे! डावखुरा, पाय फारसे हलवत नाही, पण चेंडू अगदी शेवटपर्यंत बघतो. बघणारच. ज्याला एकट्याने जागत बसायची सवय आहे तो विकेट फेकत नाही. समोर एकेक जण बाद होत गेला, हा मात्र जागचा हलला नाही. साडेआठ देणार होतो. पण मास्तर, तुम्ही धावा फुगवल्या. एक्केचाळीस नाही, सदतीस. अर्धा गुण कापला!"

बाई, ड्रायव्हर आणि सर हसले. मास्तर हसले नाहीत. ते गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिले. बायकोने थर्मास मशिनीवर ठेवला आणि तोंड फिरवून पुतळ्याकडे बघत उभी राहिली.

टोपी बाईंना मिळाली. चहा झाला. तिघं निघून गेले तेव्हा साहेबही उठले, पण मास्तरांनी शटर आणखी खाली ओढलं आणि म्हणाले, "साहेब, बसा जरा."

"काय झालं?"

"असा कोणी दीपगृहवाला नाहीये. मी बनवलाय त्याला. देश खरा आहे, माणूस खोटा."

साहेबांना ते विनोदासारखं वाटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते.

"मीच सांगितलं होतं मास्तरांना," ती म्हणाली. "म्हटलं, एक खोटा माणूस घाला यादीत. यांनी पकडला तर डोकं ठिकाणावर आहे. मग मी पुन्हा कधी शंका घेणार नाही. नाही पकडला तर डॉक्टरांकडे न्यायचं. चार ग्रॅम सोडले नाहीत हो तुम्ही कधी! आणि आज अख्खा माणूस..."

"पण मी त्याला पाहिलाय," साहेब म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं. त्यांच्या वडिलांचंही हेच वाक्य असायचं. बायकोने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंगळवारची वेळ घेतली आहे मी."

घरी आल्यावर साहेबांनी सगळी वार्षिकं खाली काढली. जेवण तसंच राहिलं. त्या बेटाचे एकूण सामने होते अकरा. त्यांनी अकराही धावफलक बोट ठेवून वाचले, दोनदा. नाबाद एक्केचाळीस नव्हते आणि नाबाद सदतीसही नव्हते. पानं बंद करून ते बसले तर समोर वडिलांची वेताची खुर्ची. त्यांनी मान वळवली. संध्याकाळपर्यंत त्या बाजूला न बघता ते बसून राहिले. आकडे खोटे पडले, माणूस खोटा पडला, पण निळ्या रेघांचा पायजमा काही डोळ्यांपुढून हलेना. त्याची नाडी पुढे लोंबत होती, पॅडवर. एवढं बारीक कोणी मनाने रचतं का?

सोमवारी सकाळी उजाडल्यावर बायकोने गाद्या उन्हात घालायला काढल्या. साहेब चहा पिऊन खोलीत गेले आणि दारातच थांबले. खाट उघडी होती. तिच्या एका टोकाला गादी गुंडाळून ठेवली होती.

"दादा," त्यांच्या तोंडून निघालं.

साठ वर्षांत हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. थोरला भाऊ होता त्यांना, पाच वर्षांनी मोठा. बायकोला एवढंच माहीत होतं की लहानपणी आजारपणात गेला. साहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ते गुडघ्यांवर बसले आणि खाटेखालून वजनांची जुनी लाकडी पेटी बाहेर ओढली. पितळी वजनं एकेक करून बाहेर ठेवली. खालचा मखमलीचा कप्पा नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी उचललाच नव्हता. तो उचलला. खाली चौकटीच्या कागदाची एक पातळ वही होती, कडा तपकिरी झालेली.

दादाला छातीचं दुखणं होतं. दोन वर्षं तो अंथरुणातून उठला नाही. मैदानावर जाता येत नाही म्हणून त्याने मैदान वहीत आणलं. भूगोलाचं पुस्तक मध्येच कुठेही उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की बाद. पुस्तक दादा उघडायचा, धावा लिहायचं काम धाकट्याचं. मोठ्या खेळाडूंचे संघ दादाला आवडत नसत. "त्यांना काय, सगळेच ओळखतात," म्हणायचा. त्याचा संघ होता कोणी न ओळखणाऱ्यांचा: न्हावी, माळी, तारमास्तर, घड्याळजी. आणि सातव्या क्रमांकावर, त्या भूगोलाच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून घेतलेला, दीपगृहवाला. डावखुरा. तो खेळायला आला की दादा अंथरुणात सरळ होऊन बसायचा. निळ्या रेघांच्या पायजम्यावर उशा बांधायचा, पॅड म्हणून. आणि पान उघडण्याआधी खोकायचा.

साहेबांनी शेवटचं पान उघडलं. दीपगृहवाला, सदतीस, नाबाद. पुढे कोरं.

त्यांनी मास्तरांना फोन करून बोलावून घेतलं. मास्तर दुकान सोडून गळ्यातल्या टेपसकट आले. साहेबांनी वही टेबलावर ठेवली आणि दोघांना पानावर बोट ठेवून सगळं सांगितलं. बायको ऐकता ऐकता टेबलाजवळच्या खुर्चीत बसली. हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"म्हणजे तुम्ही विसरला नाहीत," ती म्हणाली. "उलट आठवलंत!"

"अहो साहेब," मास्तर म्हणाले, "खेळाडूंना धंद्यावरून ओळखायची कल्पना तुमचीच होती, तुम्ही आलात त्या पहिल्या वर्षीची. आता कळलं कुठून आली ती. आणि मला दीपगृहवाला सुचला तो तरी कुठून? तुम्हीच कधीतरी बोलता बोलता बोलला असाल. माझ्या डोक्यात राहिला असेल."

"बोललो असेन," साहेब म्हणाले. आपण बोललो नव्हतो हे त्यांना माहीत होतं, पण सुटकेचा आनंद मोठा होता.

मास्तर वहीवर वाकले. "सदतीस. बरोबर. तुमचाच आकडा खरा. माझंच चुकलं." मग ते थोडे घुटमळले. "एक मात्र सांगतो, हसू नका. मी पंचवीस लिहिणार होतो. खोटाच माणूस, कशाला जास्त धावा द्यायच्या? दुपारी दुकानात एकटाच होतो, शटर ओढलेलं. तुम्हाला माहितीये ना, माप घेताना एकजण टेप धरून आकडा सांगतो आणि दुसरा लिहितो. तीस वर्षांची सवय. आकडा कानावर पडला की हात आपोआप लिहितो, डोकं मध्ये येत नाही. तसं झालं. एक्केचाळीस लिहून झालं आणि मग मी मागे वळून बघितलं की सांगितलं कोणी. पुतळा होता फक्त. ते खोकण्याचं पण मला कुठून सुचलं, देव जाणे. जाऊ द्या, वय झालं आपलं. वहीत सदतीस आहेत, विषय संपला."

"संपला," बायको म्हणाली आणि उठली. तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी हलका झाला होता. "मी फोन करून उद्याची वेळ रद्द करते."

ती फोनकडे निघाली. टेबलापासून फोनपर्यंत सहा पावलं होती. साहेबांना फक्त गप्प बसायचं होतं. डोकं शाबूत ठरलं होतं, आकडा त्यांचा खरा ठरला होता, वहीचा लेखी पुरावा समोर होता. त्यांची नजर वहीतल्या कोऱ्या जागेवर होती.

त्या दिवशी दादाला पुस्तक हातात धरवत नव्हतं. छातीवर ठेवून त्याने ते उघडलं होतं. दोनदा खोकला होता. "चव्वेचाळिसावं पान. चार. लिही," म्हणाला होता. खाली रस्त्यावर पोरं हाका मारत होती, खरा चेंडू होता त्यांच्याकडे. "नंतर लिहितो," असं म्हणून धाकटा पळाला होता. दादा त्याच्याकडे बघत होता, तो दाराबाहेर जाईपर्यंत. संध्याकाळी घामाघूम होऊन परत आला तर घरात माणसं होती, आणि उघड्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती.

ते चार कोणी पाहिले नव्हते. खोलीत दोघंच होते. त्यातला एक गेला आणि दुसऱ्याने साठ वर्षांत आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. हळूहळू स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं. लोकांचे चार ग्रॅम पकडत चौतीस वर्षं घालवली. आणि गुरुवारी, अख्ख्या आयुष्यात एकदा ते चार कोणीतरी लिहून समोर ठेवले, तर पेन्सिलने कापून टाकले.

बायकोने फोन उचलला होता.

"थांब," साहेब म्हणाले. "एक्केचाळीस बरोबर आहेत."

"काय?"

"चार मी लिहिले नाहीत. त्याने लिही म्हटलं होतं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, मान वर न करता. खालची पोरं, छातीवरचं पुस्तक, गुंडाळलेली गादी. बोलताना त्यांचा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा झाला होता आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली आणि खिशात घातली.

"मग मला सांगितलं कोणी?" मास्तरांनी हळूच विचारलं.

साहेबांनी पेन्सिल घेतली, वहीत सदतीसच्या पुढे चार लिहिले, खाली एक्केचाळीस, आणि नाबाद तसंच ठेवलं. मग मास्तरांची यादी मागवून घेतली, स्वतःचा शेरा खोडला आणि आठाचे साडेआठ केले. बायकोने फोन जागेवर ठेवला. वेळ रद्द झाली नाही, आणि साहेबांनीही करायला सांगितलं नाही. काय बोललो आणि ते ऐकायला कसं वाटलं असेल, हे त्यांना कळत होतं. पण पुन्हा एकदा नंतर लिहितो म्हणणं त्यांना शक्य नव्हतं.

मंगळवारी साडेदहाला दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, अदबीने बोलणारे. त्यांनी आजची तारीख विचारली, वार विचारला. सफरचंद, टेबल आणि नाणं हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर," साहेब थांबेनात, शेवटी डॉक्टरांनीच हात वर केला. तिन्ही शब्द बरोबर निघाले. बायको शेजारी पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता घरची थोडी माहिती. वडिलांना असा काही त्रास?"

"होता," साहेब म्हणाले. "सहा वर्षं."

"भावंडं किती?"

"एक. थोरला भाऊ."

"ते हयात आहेत का?"

नाहीत म्हणणं सोपं होतं आणि सगळ्या जगाच्या हिशोबाने खरंही होतं. पण तो शब्द काही केल्या साहेबांच्या जिभेवर येईना. बाहेर बाकांवर पेशंट बसले होते. त्यांच्यातलं कोणीतरी दोनदा खोकलं. बायकोने मान वळवून दाराकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"नाबाद आहेत," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फाइलचं पुढचं पान उलटलं.